काखेतल्या गाठीबद्दल मनूला

प्रिय मनू,

काल तुझा फोन आला तेव्हा बाबा समोरच बसले होते म्हणून मी नुसतं हो हो केलं, तुला वाटलं असेल आईला काही पडलेलीच नाही. आत्ता ते कमाटीबागेत फिरायला गेलेत, तेवढ्यात सगळं टाइप करतेय.

आधी एक, लगेच नको नको ते डोक्यात आणू नकोस. माझी आजी याला अवधाण म्हणायची, पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत. डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात. वॅक्सिंग कधी केलंस? आणि तुमच्या पीजीतल्या त्या मांजरीनं ओरबाडलं होतं ना, ते आठवणीनं सांग, त्यानं सुद्धा काखेत गाठ येते आणि ती एक ते तीन आठवड्यांनी, तोवर ओरखडा आपण विसरून पण जातो. पण तसं असेल तर बहुतेक त्याच हाताच्या काखेत, तू तर दोन्हीकडे म्हणतेस. मानेत आणि जांघेत पण हात लावून बघ. दुखरी, बोटाखाली सरकणारी असली तर बहुतेक इन्फेक्शनची असते, आपोआप बसते. कडक, न दुखणारी, आत चिकटलेली किंवा दोन आठवड्यांनंतर पण तशीच असली तर दाखवायचीच. तुला तीन आठवडे झाले ना गं? रात्री घामानं कपडे भिजतात का, बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, हे डॉक्टर विचारतीलच. आणि सारखं दाबून बघू नकोस, त्यानंच जास्त दुखतं.

आता तुला कधी न सांगितलेलं. तू दीड वर्षाची होतीस तेव्हा माझ्या मानेत गाठ आली होती. पदर ओढून दोन महिने लपवली, सासूबाईंना कळलं तर काय म्हणतील म्हणून. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स खाल्ले, तो पण देत गेला. शेवटी सुई टाकून तपासलं, एफएनएसी म्हणतात, तर टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी बाथरूममध्येच रडले, त्या गोळीनं तसं होतंच हे कोणी सांगितलंच नव्हतं. ताट वेगळं करतील या भीतीनं मी मरत होते आणि नुसत्या गाठीचा टीबी तर दुसऱ्याला लागत पण नाही, हे मला नंतर कळलं. तुझं तेच आहे असं नाही म्हणत हं मी, पण तू मेडिकलमधून काही आणून खाऊ नकोस, स्टेरॉइड तर मुळीच नको, त्यानं गाठ बसते आणि खरं कारण लपतं.

लेडी डॉक्टर बघ म्हणजे लाज वाटणार नाही, छातीची तपासणी पण करून घे, तो भाग काखेपर्यंत येतो. रक्ताची तपासणी आणि काखेची, छातीची सोनोग्राफी सांगतील, तुझ्या वयात मॅमोग्राफीच्या आधी सोनोग्राफीच करतात. सुई सांगितली तर घाबरू नको, इंजेक्शनएवढंच दुखतं.

शनिवारी सकाळीच जा, पैसे टाकलेत. बाबांना मी तुला सर्दी झालीय म्हणून सांगितलंय. एकटी जायचं नसेल तर मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसते, लीलो चेवडो आणते, तो निमित्ताला पुरे.

आई