नवं पोर्टल नको, ग्रंथालयात एक माणूस द्या

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र कोणत्या खात्याच्या नावे लिहावं, पहिला घोळ इथेच होतो. ग्रंथालयं एका खात्याकडे, रोजगार दुसऱ्याकडे. मागे एकदा मी याच विषयावर साधं पत्र पाठवलं होतं. एका खात्याने ‘विषय रोजगाराचा आहे’ असा शेरा मारून ते पुढे ढकललं, दुसऱ्याने ‘विषय ग्रंथालयाचा आहे’ म्हणून परत पाठवलं. म्हणून आता उघडच लिहिते आहे. दोन्ही टेबलांवर एकाच दिवशी वाचलं गेलं तर बरंच.

मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसते. नोकरी शोधणारी माणसं आमच्याकडे येतात ती बहुतेक एकच वाक्य घेऊन: “नोकरीचं एखादं पुस्तक आहे का?” या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नसतं, हे आमच्या कामातलं पहिलं शिक्षण. विचारलेल्या प्रश्नाच्या मागे खरा प्रश्न असतो आणि तो बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटं गप्पा माराव्या लागतात. कुणाला अर्ज कसा लिहायचा ते हवं असतं. कुणाला आपल्याला जमेल असं काम जगात आहे तरी का, हे जाणून घ्यायचं असतं. काहींना दुसऱ्या दिवशी मुलाखत असते आणि ती कंपनी नक्की करते काय, याचा पत्ता नसतो. एकजण तर फक्त इतकंच विचारायला आला होता की, तीन वर्षांची गॅप कशी सांगायची.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एक बाई परीक्षेची मार्गदर्शिका मागायला आल्या. लिपिकपदाची कुठलीही चालेल म्हणाल्या. बोलता बोलता कळलं की, सहा वर्षं त्यांनी एका कारखान्यात मालाचा हिशेब ठेवला होता: काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, कुणाकडून मागवायचं. कारखाना बंद पडला. त्यांच्या लेखी हे ‘काम’ नव्हतं, ‘तिथे बघायचे मी सगळं’ एवढंच होतं. या कामाला बाहेर काय म्हणतात हेच ठाऊक नसल्यामुळे जाहिरातीत शोधायचं काय, हा प्रश्न होता.

आम्ही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं व्यवसायांचं वर्गीकरण उघडलं. त्याची सध्याची आवृत्ती २००८ ची. जगातली सगळी कामं त्यात १० मोठ्या गटांत आणि शेवटी ४३६ छोट्या गटांत मांडली आहेत आणि प्रत्येक छोट्या गटाला चार अंकी क्रमांक आहे. पहिला अंक ४ म्हणजे कारकुनी स्वरूपाची कामं, आणि त्यातच ४३२१ हा मालसाठ्याची नोंद ठेवणाऱ्यांचा गट. बाईंना तो वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “हे तर माझंच लिहिलंय.” मग शेजारची दारं दिसू लागली. ३३२३ म्हणजे खरेदी करणारे, आणि त्याच वाटेवर आणखी वर १३२४, पुरवठा आणि वितरणाचे व्यवस्थापक. म्हणजे आज मी कुठे आहे, आणि पुढे जायचं तर कुठल्या बाजूने, हे एका कागदावर आलं.

त्यानंतर जाहिराती शोधणं सोपं झालं. कारण एकाच कामाला मालक लोक किती नावं देतात बघा: स्टोअरकीपर, स्टोअर असिस्टंट, इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह, वेअरहाऊस को-ऑर्डिनेटर, मटेरियल असिस्टंट. बाई आतापर्यंत फक्त ‘क्लार्क’ टाइप करत होत्या. पुढे त्यांना नोकरी लागली की नाही, मला माहीत नाही. त्या परत आल्या नाहीत. आमच्याकडे परत न येणं हे चांगलं लक्षण मानायची पद्धत आहे; खरं-खोटं देव जाणे.

आता आपण म्हणाल, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहेच की. आहे, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. हे वर्गीकरण फुकट आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याचा ओ-नेट नावाचा माहितीसंच आहे, त्यात ९०० हून जास्त व्यवसायांचं वर्णन आहे: रोज काय करावं लागतं, कोणती कौशल्यं लागतात, कोणती साधनं वापरतात, जवळचे दुसरे व्यवसाय कोणते. युरोपीय आयोगाचं एस्को आहे, त्यात सुमारे ३००० व्यवसाय आणि त्यांना लागणारी कौशल्यं एकमेकांना जोडून दाखवली आहेत. भारताचं स्वतःचं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ चं आहे. कशालाच पैसे पडत नाहीत. पण माझ्या टेबलासमोर आलेल्या माणसांपैकी यातलं एकही नाव आधीपासून माहीत असलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. त्यांना माहीत असतात जाहिराती दाखवणारी संकेतस्थळं, ओळखीतल्या कुणाच्या तरी क्लासचं पत्रक, आणि हल्ली चॅटबॉट. चॅटबॉटने लिहिलेले बायोडेटा मी इतके वाचलेत की पहिल्या दोन ओळींत ओळखते. सगळेच ‘ध्येयवादी’ आणि ‘परिणामाभिमुख’.

शिवाय फुकट माहिती वापरायलाही थोडी दृष्टी लागते. ओ-नेटमधलं कामाचं वर्णन बऱ्याच अंशी कुठेही लागू पडतं, कारण वेल्डरचं काम सगळीकडे वेल्डरचंच असतं. पण तिथलं वेतन, आणि पुढच्या दहा वर्षांत मागणी वाढेल की घटेल हा अंदाज, तिथल्या बाजाराचा आहे. तो वाचून कुणी इथे अभ्यासक्रमाला पैसे भरले तर फसेल. हे समजावणारा माणूस कुठल्याच पोर्टलच्या मुखपृष्ठावर बसलेला नसतो.

छापील बाजूही बघा. ‘करिअर’ अशी पाटी असलेलं कपाट आमच्यासारख्या बहुतेक ठिकाणी दोनच प्रकारच्या पुस्तकांनी भरलेलं असतं: जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा-मार्गदर्शिका आणि यशाचे मंत्र. कालबाह्य मार्गदर्शिका ही नुसती निरुपयोगी नसते, घातकही असते, कारण रद्द झालेल्या पात्रतेवर कुणी एक वर्ष घालवतं. मी अशी पुस्तकं काढून टाकते आणि दरवर्षी ताळेबंदात मला विचारतात की पुस्तकांची संख्या कमी का झाली. (संख्या मोजणाऱ्यांनी एकदा ते कपाट उघडून बघावं, एवढीच इच्छा.)

खरं मोल ज्या गोष्टींना आहे त्या दुसऱ्या कपाटात असतात आणि नोकरी शोधणारा तिकडे वळतच नाही. व्यापारी निर्देशिका, उद्योग संघटनांची सदस्ययादी, व्यवसायविशेष मासिकं, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रांचे जुने अंक. मुलाखतीला जाणाऱ्याला मी कंपनीचा वार्षिक अहवाल काढून देते आणि सांगते, फोटोंची पानं सोड, व्यवस्थापनाचा आढावा आणि जोखमींची यादी वाच. कंपनीला कशाची धास्ती आहे ते कळलं की ‘तुमचे काही प्रश्न?’ या मुलाखतीतल्या शेवटच्या प्रश्नाला विचारण्यासारखं काहीतरी हाताशी येतं. आणि निर्देशिकेचा उपयोग असा की त्यात जाहिरात न देणारे छोटे उद्योगही असतात. पंधरा-वीस माणसांचा उद्योग पोर्टलवर जात नाही, त्याचा मालक ओळखीत विचारतो.

ओळखीवरून आठवलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना ती बातमी बहुधा रोजच्या जिवलगांकडून मिळत नाही, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळते. जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. लांबच्या ओळखी वेगळ्या वर्तुळातल्या असतात. मग ज्याची वर्तुळंच लहान आहेत त्याने काय करायचं? पहिल्या पिढीत शिकलेला, गावाबाहेर कुणी नसलेला, पंधरा वर्षं घर सांभाळून पुन्हा कामाकडे वळू पाहणारी बाई, यांची लांबची ओळख कोण? माझं उत्तर असं की संदर्भ विभागात बसलेला माणूस ही ती ओळख होऊ शकते. त्याला कुठलीही शिफारस करायची नाही, फक्त कुठे विचारायचं ते सांगायचं आहे.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या न्यूअर्क शहराच्या ग्रंथालयाचे जॉन कॉटन डाना यांनी १९०४ मध्ये व्यापारी वस्तीत खास उद्योग-व्यवसायासाठी शाखा उघडली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय-मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं. त्यांची पद्धत आजही तशीच वापरतात: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती काढा, मग दोन्हींची सांगड घाला. आणि आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. नोकरी शोधणाऱ्याइतका कुणाचाच वेळ महाग नसतो; घरात रोज संध्याकाळी त्याला ‘आज काय झालं?’ विचारतात.

फसवणुकीबद्दल वेगळं लिहायला हवं. एक मुलगा नेमणुकीचं पत्र घेऊन आला. लेटरहेड सुंदर, सही-शिक्का जागच्या जागी, आणि खाली ‘परत मिळण्याजोगी’ अनामत भरण्याची सूचना. त्याला प्रिंट हवी होती, बाकी काही नको. मी सहज पत्ता बघितला तर ईमेल कुणालाही फुकट काढता येईल असा. आम्ही कंपन्यांच्या सरकारी नोंदणीत नाव शोधलं, मिळालं नाही. तोपर्यंत त्याने पहिला हप्ता भरलेला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या कराराचं मूळ तत्त्वच असं आहे की, काही अपवाद वगळता, अशा संस्थांनी काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये. हे एक वाक्य भिंतीवर लावलेलं असतं तर तो हप्ता वाचला असता. मी आता लावलंय, प्रिंटरच्या वरच.

तर मागणी. दर दोन-तीन वर्षांनी एक नवं रोजगार पोर्टल येतं. उद्घाटन होतं, नोंदणीचे आकडे जाहीर होतात, आणि काही महिन्यांनी त्यावरच्या निम्म्या जाहिराती शिळ्या झालेल्या आम्हाला सापडतात. नोंदणी करायला आलेल्यांसोबत मी स्वतः बसले आहे. फोटो अमुक केबीच्या वर नको आणि तमुक केबीच्या खाली नको, सही वेगळी, अंगठा वेगळा, आणि सगळं भरून होईतो ‘आपले सत्र संपले आहे’. माणूस पुन्हा पहिल्या पानावर. पुढच्या पोर्टलसाठी जी तरतूद ठेवाल ती कृपा करून थांबवा, आणि तालुक्याच्या दर्जाच्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात एक प्रशिक्षित संदर्भ-सहायक नेमा, ज्याचं काम फक्त हेच असेल. कंत्राटी नको. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुठे हातात येतं आणि अकरा महिन्यांचा माणूस त्याआधीच स्वतः नोकरी शोधायला लागतो.

त्याला संध्याकाळी बसवा. बेकार माणूस दुपारी येऊ शकतो, पण नोकरी बदलू पाहणारा सुटीशिवाय दिवसा येत नाही, आणि आमची दारं नेमकी त्याच्या सुटण्याच्या वेळी बंद होतात. उद्योगांचे सशुल्क माहितीसंच प्रत्येक ग्रंथालय एकेकटं विकत घेऊ शकत नाही. खात्याने सगळ्यांसाठी एकत्र परवाना घ्यावा आणि तो घरूनही उघडता यावा. रोजगार कार्यालयाचा एक माणूस आठवड्यातून एक दिवस आमच्याकडे बसला तर आमची अर्धी पायपीट वाचेल, त्याचीही वाचेल.

आणि भाषा. वर उल्लेख केलेली व्यवसायांची वर्णनं बहुतेक इंग्रजीतच वाचावी लागतात. ओ-नेटचा माहितीसंच मूळ स्रोताचा उल्लेख करून कुणालाही वापरता आणि अनुवादित करता येतो, त्याचा परवानाच तसा आहे. एखाद्या विद्यापीठाच्या भाषा विभागाने आणि चार ग्रंथपालांनी बसून शे-दीडशे नेहमीच्या व्यवसायांची वर्णनं मराठीत आणली, तर कुठल्याही पोर्टलपेक्षा ती जास्त वाचली जातील. मात्र ‘भांडार व्यवस्थापन अधिकारी (श्रेणी २)’ छापाची मराठी नको. माणसं कामाला जे नाव देतात तेच नाव.

यश कसं मोजायचं, हे आपले अधिकारी विचारतीलच. किती जणांनी नोंदणी केली हे कृपया मोजू नका. किती प्रश्न आले, किती सुटले, किती सुटले नाहीत, हे मोजा. मी गेली काही वर्षं न सुटलेल्या प्रश्नांची एक वही ठेवली आहे. त्यात वाचकांची नावं नाहीत, फक्त तारीख आणि प्रश्न. ‘बंद पडलेल्या कंपनीच्या अनुभवाचं पत्र आता कुणाकडून घ्यायचं?’ ‘ऐकू येत नाही अशा माणसाला फोनवरची मुलाखत टाळण्यासाठी काय लिहावं?’ ‘वय पन्नास, शिक्षण आठवी, हात चांगला चालतो, कुठे विचारू?’ असे प्रश्न आहेत. वहीची प्रत पाठवायला मी तयार आहे. पाकिटावर पत्ता कोणत्या खात्याचा घालू, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
संदर्भ विभागातली एक ग्रंथपाल