ताई, त्या तीन फोनसाठी

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये. पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत, कारण माझ्यासारखी एकट्यानं सर्व्हर सांभाळणारी माणसं गावोगावी आहेत आणि तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही उपयोगाला यावं असं मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मी सांगलीत औषधांच्या एका होलसेल फर्ममध्ये काम करतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क, बिलिंगचा सर्व्हर सगळं माझ्याकडंच. दुपारी ४ नंतर मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि २२ जण एकाच वेळी बिलं मारायला बसतात, आणि औषधाचं बिल म्हणजे प्रत्येक ओळीला बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, स्कीम असं सगळं डेटाबेसमधून उचलावं लागतं. दिवाळीपासून हे सगळं एकदम जड झालं. बिल सेव्ह केलं की पाच-सहा सेकंद नुसतं चक्र फिरायचं, खाली डिलिव्हरीची पोरं गाडी चालू ठेवून थांबलेली, आणि बिलिंगच्या मुलींना घरी जायला साडेनऊ व्हायचे. शेठ रोज विचारायचे आणि माझ्याकडं उत्तर नसायचं.

तेवढ्यात एका विक्रेत्यानं कोटेशन दिलं, दोन एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्क) आणि त्या बसवायला एक कार्ड, खोक्यावर मोठ्या अक्षरात सेकंदाला ७००० एमबी. शेठ चेक फाडायला तयार होते. मित्र म्हणाला, थांब, आमच्या ताईला एक फोन कर, ती पुण्यात इतकी वर्षं डेटाबेसच बघते.

ताई, तुम्ही मला ओळखतही नव्हता. रात्री साडेनऊला फोन केला आणि थेट विचारलं, ७००० वाली घेऊ का. तुम्ही म्हणालात, "ते राहू दे, आधी मला सांग तुमचं एक बिल सेव्ह होतं तेव्हा डिस्कवर नक्की काय होतं?" मला सांगता येईना. मग तुम्ही चाळीस मिनिटं बसून समजावलंत. कमिट, म्हणजे बिल पक्कं करायचा हुकूम, झाला की पोस्टग्रेस, म्हणजे आमचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर, तो व्यवहार आधी लॉगमध्ये लिहितो, डिस्कला म्हणतो हे खरोखर उतरवून घे, आणि डिस्क हो म्हणेपर्यंत थांबून राहतो. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद, त्यामुळं तिचा होकार साधारण फेरीच्या हिशोबानंच येणार. आणि लिहायचं काय, तर काही केबी. तिथं ७००० एमबी कुठं वापरणार? वर्षानुवर्षं मी डिस्क एमबीवरच तोलत आलो होतो, आणि आमच्या कामाला लागत होता तो होकार किती लवकर येतो तो वेळ.

आणि फोन ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "रेड कार्डाची बॅटरी बघितलीस का?"

रेड कार्ड म्हणजे सर्व्हरच्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड. मी त्याच रात्री परत ऑफिसला गेलो. बॅटरी मेलेली होती. बॅटरी गेली की कार्ड स्वतःहून राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतं, म्हणजे मधल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) घेऊन लगेच हो म्हणायचं बंद, प्रत्येक लिखाणाला थेट डिस्कची वाट. कार्डाच्या लॉगमध्ये बॅटरी गेल्याची तारीख दिवाळीच्या आठवड्यातलीच. तुम्ही म्हणालात आधी फक्त बॅटरी बदल, मार्च एंड निघू दे, घाईत डिस्क बदलू नकोस, मग शांतपणे निवडू. आठवड्यात बॅटरी आली आणि बिल सेव्ह व्हायला सेकंदसुद्धा लागेना. तुम्हाला यात एक रुपया मिळणार नव्हता ताई, तरी तुम्ही मला महागडी खरेदी पुढं ढकलायला सांगितलीत, हे मी विसरणार नाही.

तरी स्टॉक रिपोर्ट आणि एक्स्पायरीची यादी रडतखडतच चालायची, कारण डेटाबेस १८० जीबीचा, रॅम ३२ जीबी, आणि लागणारी पानं (डेटाबेसचे छोटे तुकडे) डिस्कभर विखुरलेली. अशी इकडून तिकडून वाचायची म्हटली तर साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक वेळाच वाचते. म्हणजे एसएसडी हवीच होती, प्रश्न कोणती एवढाच.

दुसरा फोन त्यावर झाला, आणि माझ्या मते हे सगळ्यांनी कळून घ्यावं असं आहे. घरगुती एसएसडी आणि सर्व्हरची एसएसडी यात मुख्य फरक तुम्ही सांगितलात तो कपॅसिटरचा. सर्व्हरच्या ड्राइव्हवर कपॅसिटर बसवलेले असतात, लाइट गेली तर तेवढ्या चार्जवर ड्राइव्ह आपल्या डीरॅममधला (लाइट गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला) माल फ्लॅशवर (कायम टिकणाऱ्या चिपवर) उतरवतो. त्यामुळं डेटा डीरॅममध्ये पोचला की तो निर्धास्त हो म्हणू शकतो. घरगुती ड्राइव्हला हा आधार नसतो, म्हणून त्यानं प्रामाणिकपणे काम करायचं तर प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत जाऊन मगच हो म्हणायला लागतं. मला वाटलं असेल थोडाफार फरक. तुम्ही म्हणालात माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ, आणि तुमच्याकडची एक जुनी सर्व्हरची सॅटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी मित्राबरोबर पाठवलीत. मी एका पीसीवर दोन्ही लावून पीजी-टेस्ट-एफसिंक चालवलं, म्हणजे डिस्क सेकंदाला किती वेळा खरोखर लिहून हो म्हणते हे मोजणारं पोस्टग्रेसचं साधन. मित्राच्या लॅपटॉपमधली भारी एनव्हीएमई सेकंदाला ६०० च्या आसपास, आणि तुमची ती सॅटा, जिच्या वायरीतूनच ५५० एमबीच्या वर काही जात नाही, ती ८००० च्या वर. मी तीन वेळा चालवलं. तेच आकडे.

आमच्याकडं लाइट जाते, यूपीएस आहे पण मागं एकदा यूपीएसच ट्रिप झाला होता. त्यामुळं यूपीएस आहे की मग कपॅसिटर कशाला हे कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

मग तिसरा फोन. एसएसडी लिहून लिहून झिजते, म्हणून आता विक्रेत्यानं सर्व्हरचीच पण दिवसाला तीनदा पूर्ण भरता येईल अशा क्षमतेची, जास्त किमतीची ड्राइव्ह सुचवली होती. तुम्ही म्हणालात हिशोब कर. मी आठवडाभर मोजलं, दिवसाला साधारण ६० जीबी लिहिलं जात होतं. पाच वर्षांचे ११० टीबीसुद्धा होत नाहीत. ९६० जीबीची, दिवसाला एकदा भरायच्या क्षमतेची ड्राइव्ह पाच वर्षांत १७५२ टीबी झेलते. म्हणजे आम्हाला साधी रीड-इंटेन्सिव्ह (मुख्यतः वाचायच्या कामासाठीची) सर्व्हर ड्राइव्हच भरपूर होती, आणि झीज एवढाच मुद्दा असता तर घरगुतीसुद्धा टिकली असती, आम्ही पैसे मोजत होतो ते कपॅसिटरसाठी. हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या सर्व्हरला सॅटाचेच कप्पे आहेत म्हणून सॅटाच घेतल्या, कारण पोस्टग्रेसचं एक पान ८ केबीचं, ५५० एमबीतसुद्धा सेकंदाला साठ हजारावर पानं येतात, आमच्या २२ जणांना ते पुरून उरतं.

दोन्ही ड्राइव्ह एकाच लॉटच्या घेऊ नकोस असंही तुम्ही बजावलंत. मिररमध्ये, म्हणजे तोच डेटा दोन्ही ड्राइव्हवर ठेवतो तेव्हा, दोघींवर लिखाण सारखंच होतं, झीज सारखीच, आणि दोष असला तर तोही सारखाच. २०१९ मध्ये एका मोठ्या सर्व्हर कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं की फर्मवेअरच्या (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) चुकीमुळं काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे पावणेचार वर्षांनी, बंद पडतील. अशा दोन एकाच दिवशी लावल्या असतील तर मिरर असून काय उपयोग. मी एक एका कंपनीची आणि दुसरी दुसऱ्या कंपनीची घेतली, आणि दुसरी महिन्याभरानं लावली.

आणि ते एफसिंकचं, म्हणजे डिस्कला खरोखर उतरवून घे म्हणायचं तेच. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांकडचा एक मुलगा म्हणाला होता की एफसिंक बंद करा, फुकटात स्पीड मिळेल. मी तुम्हाला सांगितलं आणि तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. सिंक्रोनस कमिट (प्रत्येक बिलाला डिस्कच्या होकाराची वाट बघणं) बंद केलं तर लाइट गेल्यावर शेवटची काही बिलं जातील पण डेटाबेस शाबूत राहील, एफसिंक बंद केलं तर अख्खा डेटाबेसच नासू शकतो, हा फरक तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलात. बरं केलंत ताई. तो मुलगा चांगला आहे, त्यालाही मी हे नीट समजावलं.

आता आठ महिने झाले. रॅंडम पेज कॉस्ट (विखुरलेलं पान वाचणं किती महाग धरायचं ते पोस्टग्रेसचं सेटिंग) तुम्ही सांगितल्याप्रमाणं ४ वरून १.१ वर आणला, त्यानं एक्स्पायरीची यादी इंडेक्सवरून यायला लागली. आधी ती लावून आम्ही चहाला जायचो, आता चहाचं नाव काढायच्या आत येते. दर महिन्याला दोन्ही ड्राइव्हची झीज बघतो, अजून ९९ टक्के शिल्लक दाखवतायत. बिलिंगच्या मुली साडेसातला घरी जातात. त्यातल्या एकीचं बाळ लहान आहे, ती मला परवा म्हणाली की आता तो जागा असताना मी पोचते. हे तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं, म्हणूनच खरं तर हे पत्र.

रिस्टोअर करून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नकोस असं तुम्ही म्हणाला होतात. २०१९ च्या पुरात आम्ही सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावर नेला होता, तेव्हा बॅकअप चालतो की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ती रात्र मला अजून आठवते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करतो. या रविवारी ४८ मिनिटं लागली, सगळी बिलं टॅली.

तुमची ती जुनी एसएसडी अजून माझ्याकडंच आहे, मित्राबरोबर परत पाठवतोय, सोबत भडंग आहे, तिखट आणि साधं दोन्ही. पुढच्या वेळी सांगलीला आलात की ऑफिसला नक्की या, शेठना तुम्हाला भेटायचंय आणि मला तुमच्या पाया पडायचंय.