वहीवाल्या मावशींना, उघडपणे

मावशी,

चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही हे बाजूला ठेवाल, माहीत आहे. सुनेला मोठ्याने वाचायला सांगा. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याबद्दल जे बोलले ते चारचौघांत बोलले होते. आता आभार मात्र कानाशी येऊन मानायचे, हे बरं दिसत नाही.

इंग्लंडातल्या आपल्या स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ, सिंधुदुर्गातली त्या मानाने थोडी. गोदामात पहिल्या दिवशी तुम्ही माझं आडनाव वाचलंत आणि विचारलंत, "कुडाळची गो तू?" तुम्ही वेंगुर्ल्याच्या. मी 'आंटी' म्हटलं तर म्हणालात, आंटी गोयंकारांची, तू मावशी म्हण. त्याच आठवड्यात तुम्ही मला नाताळच्या क्लबात घेतलंत.

क्लब म्हणजे काय हे मला समजायला वेळ लागला नाही. आमची आई कुडाळात दिवाळीचा फंड चालवायची, तीच गोष्ट. जानेवारीपासून दर शुक्रवारी थोडे थोडे भरायचे, डिसेंबरात मांस, किराणा, मुलांसाठी काही घ्यायचं. एका दुकानाने तो क्लब चालवला होता. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, लिहून आता काही हाती लागणार नाही. अकरा घरांचे पैसे तुम्ही गोळा करायचात आणि दुकानात नेऊन भरायचात. आम्ही हिंदू असून नाताळला पैसे कशाला साठवायचे, असं नवऱ्याने विचारलं होतं. शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या बापाने हे विचारावं! जानेवारीत वर्गातलं प्रत्येक पोर काय काय मिळालं ते सांगतं. आठवड्याला आठ पौंड, चाळीस आठवडे. 320 पौंड झाले होते.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी पाऊस होता. तुम्ही दारात उभ्या होतात, छत्री मिटायचंही सुचलं नव्हतं तुम्हाला. म्हणालात, "पैशे गेले गो बाय. दुकान बंद झाला." मी आधी हसले, मला चेष्टा वाटली. मग विचारलं, माझे पैसे तुम्ही भरले तरी होते का? तुम्ही वही पुढे केलीत. मी ती उघडलीसुद्धा नाही. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहीत काय, कोणीही काहीही लिहील." तुम्ही दोन टेबलं सोडून बसला होतात. डबा झाकलात आणि उठून गेलात.

त्या पावसाच्या रात्री तुम्ही अकराच्या अकरा घरी गेला होतात, हे मला पुढे कळलं. फोन करता आला असता. ग्रुपवर एक ओळ टाकून मोकळं होता आलं असतं. दोन घरांनी दार उघडलंच नाही, एका भाऊंनी शिव्या दिल्या. माझं घर सातवं होतं.

आठ दिवसांनी तुम्ही परत आलात, माझ्याकडेच. हातात लिक्विडेटरचा, म्हणजे बुडालेल्या दुकानाची देणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याचा, फॉर्म. "तुझो इंग्रजी बरो," म्हणालात, "सगळ्यांचे तू भर." ज्या बाईने भर सुट्टीत तुम्हाला चोर ठरवलं, तिच्या हातात तुम्ही सगळ्यांचा हिशेब दिलात. त्याक्षणी मला नीट लाजही वाटली नाही, गोंधळायलाच झालं.

मग तुमच्या स्वयंपाकघरात आठ-दहा संध्याकाळी आपण कागद मांडून बसलो. पैसे भरल्याच्या शिक्क्यांचं माझं कार्ड जीन्सच्या खिशात धुऊन निघालं होतं. आणखी चार बायकांची कार्डं हरवलेली. तुमची वही नसती तर कोणी किती दिले हे दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. तारीख, रक्कम, ज्याने दिले त्याची सही, दर शुक्रवारी. आपल्या मराठी सहीपुढे तुम्ही नाव इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, जणू कधीतरी कोणी साहेब हे तपासणार हे ठाऊकच होतं.

ते कागद भरताना मला या देशाचा कायदा थोडा कळला. क्रेडिट कार्डाने शंभर पौंडांहून महागाची वस्तू घेतली असती, तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीकडे मागता आले असते. आपण रोख दिलेले, त्याला तो आधार नाही. बँकेतल्या ठेवीला संरक्षण असतं, पण दुकानातला क्लब म्हणजे बँक नव्हे. आपण ज्याला बचत म्हणत होतो ती कायद्याने आगाऊ खरेदी होती. त्यामुळे पैसे परत मिळायच्या रांगेत आधी बँक, लिक्विडेटरची फी, कामगारांचे थकलेले पगार, कर, आणि पार शेपटाला आपण.

"हे आपल्याच गावात घडलंसा," असं म्हणत फेअरपॅकची गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. मी घरी जाऊन वाचलं. नाताळच्या हॅम्परची, म्हणजे खाऊ भरलेल्या भेट-टोपल्यांची, ती कंपनी स्विंडनचीच, 13 ऑक्टोबर 2006 ला बुडाली. वर्षभर थोडे थोडे भरणारी लाखाहून जास्त माणसं, सरासरी चारशे पौंडांच्या आसपास. एजंट म्हणजे बहुतेक बायकाच: शेजारीण, नणंद, कामावरची मैत्रीण. नातलगांचे आणि गल्लीतल्यांचे पैसे ज्यांच्या हातून गेले, त्यांनाच रोज त्या गल्लीतून चालायचं होतं. लोकांनी मदतनिधी उभारला, त्यातून त्या वर्षीच्या नाताळला थोडी व्हाउचरं मिळाली. संचालकांवरचा खटला 2012 मध्ये मध्येच ढेपाळला, पण न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी कंपनीच्या बँकेच्या, एचबीओएसच्या, वागण्यावर कोर्टात ताशेरे ओढले. मग त्या बँकेच्या नव्या मालकाने, लॉइड्सने, आणखी ऐंशी लाख पौंड दिले. सहा वर्षांनी लोकांना जवळपास निम्मे पैसे मिळायची वाट मोकळी झाली. अशा योजनांतले पैसे ट्रस्टमध्ये किंवा विम्याखाली सुरक्षित ठेवायची सक्ती करणारा कायदा संसदेने केला तो 2024 मध्ये. अठरा वर्षं! आमच्याकडे पतसंस्था बुडाली की लोक म्हणतात, परदेशात असं होत नाही. त्यांना एकदा इथे आणायला हवं.

आपल्याला मिळाले पौंडामागे नऊ पेन्स. माझे 28 पौंड 80 पेन्स. परवा खात्यात आले, म्हणून खरं तर हे पत्र सुचलं.

पण मला आठवतो तो आपले पैसे बुडाले त्याच वर्षीचा नाताळ. चर्चमधला मिडनाइट मास आटोपून आलेल्या तुम्ही सकाळी सहाला आमच्या दारात. दोन डबे, एकात नेवऱ्या आणि कुलकुलं, दुसऱ्यात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल. "नवरो खायत नसलो तर तू खा." शिवाय मुलांसाठी दोन पाकिटं, त्यांत हाताने विणलेले मोजे. धाकटीने ते भोक पडेपर्यंत घातले. तुम्ही त्या वर्षी नाताळ कशावर केलात, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

उत्तर वहीत होतं. झेरॉक्स काढताना शेवटचं पान उलटलं तेव्हा दिसलं. बाराव्या घराचा हिशेब. तुमचंच नाव, आठवड्याला बारा पौंड, चाळीस शुक्रवार, 480. सगळ्यांत जास्त पैसे तुमचे गेले होते आणि तुम्ही ते एकदाही बोलला नव्हतात. बाकी अकरांचे फॉर्म जाईपर्यंत तुमचा तुम्ही काढलाच नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "आधी लोकांचे." तो फॉर्म मी भरला, सही तेवढी तुमची.

अजून काही जण म्हणतात, मावशीने काहीतरी खाल्लं असणार. त्यांच्यासाठी लिहिते: चाळीस आठवड्यांची एकेक नोंद मी स्वतः दुकानाच्या पावत्यांशी ताडून पाहिली. एका पेनीचा फरक नाही. "कोणीही काहीही लिहील" हे वाक्य माझं होतं. ते मी परत घेते.

आता आपण दहा घरं क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या पतसंस्थेत, भरतो, तिथली ठेव संरक्षणात येते आणि पैसे गोळा करत कोणाला दारोदार फिरावं लागत नाही. तुम्ही यायला तयार नाही. "माका नको ता आता" म्हणता. जबरदस्ती नाही.

वही अजून माझ्याकडेच आहे. लिक्विडेटरचं काम संपलं, आता ती तुमची तुम्हाला द्यायला हवी. रविवारी मास झाल्यावर घेऊन येते. नवराही येतोय, तो सोरपोतेल खातो.

तुमची,
सातव्या घरची