स्वस्त प्लेयर बेसूर का वाजतो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या दिवाळी खरेदी पुरवणीत दोन हजार रुपयांच्या आतील म्युझिक प्लेयरविषयीचा लेख वाचला. किंमत, मेमरी, बॅटरी किती तास चालते आणि 'बेस' किती दणदणीत आहे, यांची तुलना त्यात व्यवस्थित केली होती. मात्र आवाज खरा उमटतो की नाही आणि नसेल तर का, याविषयी एक ओळही नव्हती. हातात मोबाइल असताना असा प्लेयर कोण घेतो, असे शहरातील वाचकाला वाटेल. पण आमच्याकडे वाडी-तांड्यांवर आणि शेतात नेटवर्क टिकत नाही, आणि मोबाइलच्या दुकानातून कार्डात अभंग, हरिपाठ, गोंधळाची पदे भरून आणून ऐकणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा प्लेयर म्हणजे गाणे शिकण्याचे साधनच असते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहितो आहे.

मी विज्ञान शिकवून निवृत्त झालो असून गावातील मुलांना भजन शिकवतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तक्रार केली की घरी प्लेयरवर अभंग लावून सोबत पेटी धरली की दोन्ही एकमेकांशी घासतात. मी आधी तिच्या पेटीवर आणि मग तिच्या कानावर शंका घेतली, याचे मला आजही वाईट वाटते. कारण तेच गाणे, त्याच कार्डातून, माझ्या फोनवर लावले तेव्हा ते पेटीच्या काळी एक या पट्टीशी बिनचूक जुळले. दोष मुलीचाही नव्हता आणि पेटीचाही नव्हता. प्लेयरच चढा वाजत होता.

याची खात्री करण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील ५१२ हर्ट्झचा नादकाटा घेतला, संगणकावर नेमक्या ५१२ हर्ट्झचा स्वर तयार करून तो प्लेयरमध्ये भरला आणि दोन्ही एकत्र वाजवले. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की आवाज कमी-जास्त होत राहतो, त्याला आपण विस्पंद म्हणतो, आणि सेकंदाला जितके विस्पंद तितक्या हर्ट्झचा फरक. फोनवर ध्वनिमुद्रण करून तरंगाच्या चित्रावरून मोजले तेव्हा पाच सेकंदांत एकतीस विस्पंद भरले. म्हणजे प्लेयर सव्वा टक्क्याच्या आसपास वेगाने वाजत होता, आणि सूर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या साधारण एक-पंचमांशाने चढला होता. नुसते ऐकणाऱ्याला हे कळत नाही. सोबत गाणाऱ्याला मात्र ते जागोजागी बोचते.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात प्रत्येक सेकंदाचे ४४,१०० नमुने साठवलेले असतात आणि प्लेयरने ते सेकंदाला नेमके तितक्याच वेगाने बाहेर काढायचे असतात. आकड्यांचे विजेत रूपांतर करणाऱ्या डॅक नावाच्या भागाला बहुधा या वेगाच्या २५६ पट, म्हणजे १,१२,८९,६०० हर्ट्झचे ठोके लागतात. महागड्या यंत्रात त्यासाठी वेगळा स्फटिक बसवतात. स्वस्त यंत्रात एकाच चिपमधील एका घड्याळाला पूर्णांकाने भागून काम भागवतात. उदाहरणार्थ, मूळ घड्याळ २४० मेगाहर्ट्झचे असेल तर त्याला २१ ने भागल्यावर नमुन्यांचा वेग सुमारे ४४,६४३ येतो, आणि ही चूक १.२३ टक्के भरते. तेच घड्याळ सॉफ्टवेअरने २४८ मेगाहर्ट्झवर नेऊन २२ ने भागले तर वेग ४४,०३४ येतो आणि चूक ०.१५ टक्क्यावर उतरते. यंत्र तेच, चिप तीच. फक्त आत लिहिलेले दोन आकडे बदलतात. पुढे त्या प्लेयरच्या निर्मात्याने फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती दिली, ती भरून मी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा विस्पंद सेकंदाला एकाहूनही कमी झाले. आता ती मुलगी प्लेयरसोबत निःशंकपणे पेटी धरते.

सगळेच दोष मात्र सॉफ्टवेअरने निघत नाहीत. माझ्याकडील दुसऱ्या एका प्लेयरमध्ये तबल्याचा डग्गा जणू पत्र्यावर वाजवल्यासारखा येत असे. उघडून पाहिले तर इअरफोनकडे जाणाऱ्या वाटेवर ४७ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग, बसवलेले होते. हा कंडेन्सर आणि इअरफोनचा रोध मिळून खालचे सूर अडवणारी चाळणी तयार होते. १६ ओहमच्या इअरफोनशी ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला तर ही चाळणी सुमारे २१२ हर्ट्झच्या खालचे सर्व काही कमी करू लागते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे तिच्या मूळ स्वराचा जोर एक-तृतीयांशाहूनही कमी उरतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाचा धुमा आणि तुळजापूरच्या गोंधळातील संबळाचा भारदस्तपणा नेमका याच पट्ट्यात असतो. मी जुने कंडेन्सर काढून २२० मायक्रोफॅरडचे लावले, तेव्हा चाळणी ४५ हर्ट्झपर्यंत खाली सरकली आणि डग्गा पुन्हा डग्ग्यासारखा बोलू लागला. दोन कंडेन्सरचा खर्च काही रुपयांचा होता. ज्यांना डाग देता येत नाही त्यांनी १६ ऐवजी ३२ ओहमचे इअरफोन वापरले तरी त्याच प्लेयरची चाळणी निम्म्यावर, म्हणजे १०६ हर्ट्झवर येते. खोक्यावर छापलेल्या या एका आकड्याकडे आपण सहसा पाहतच नाही.

कार्ड वाचताना किंवा पडद्यावरचा दिवा लागताना कानात होणारी खरखरही यंत्राच्या रचनेतूनच येते. आकड्यांचे काम करणारा भाग आणि आवाजाचा नाजूक भाग यांना ग्राउंडची, म्हणजे वीज परत जाण्याची, एकच वाट दिली की हे व्हायचेच.

खालचे सूर कमी पडतात यावर उपाय म्हणून बहुतेक लोक 'बेस बूस्ट' लावतात आणि तेथे वेगळीच चूक होते. १६ बिटांच्या गाण्यात नमुन्याचा आकडा ३२,७६७ च्या वर जाऊच शकत नाही, आणि हल्लीची गाणी आधीच त्या कडेपर्यंत चढवून ठेवलेली असतात. त्यात खालचे सूर ६ डेसिबलने, म्हणजे दुपटीने वाढवले की लाटेचे माथे सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. चांगले सॉफ्टवेअर सूर वाढवण्यापूर्वी एकूण पातळी तितकीच खाली घेते. स्वस्त प्लेयरमधील पुष्कळ सॉफ्टवेअर ही काळजी घेत नाही. श्रोत्याने बेस वाढवण्याऐवजी मधले आणि वरचे सूर कमी करावेत आणि आवाजाची कळ थोडी पुढे न्यावी. परिणाम जवळपास तोच मिळतो, पण आवाज फाटत नाही.

कार्डात भरलेल्या फाइलचा प्रश्नही येथेच येतो. सीडीवरील गाणे सेकंदाला १,४११ किलोबिट घेते आणि दुकानात भरून मिळणारी एमपी३ बहुधा १२८ किलोबिटची असते, म्हणजे अकरा भागांपैकी एकच भाग उरतो. एमपी३ची रचना मानवी कानाचा अभ्यास करून केलेली आहे, त्यामुळे गायकाचा आवाज त्यात बराच सुखरूप राहतो. भजनातील टाळ मात्र तिला अवघड जातो. एमपी३ ५७६ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांचा तुकडा एकत्र दाबते; टाळाचा ठोका त्या तुकड्याच्या शेवटी पडला तर दाबण्यातील खोट संपूर्ण तुकड्यावर पसरते आणि ठोक्याच्या आधीच एक फुसकी सावली ऐकू येते. दाबणारे सॉफ्टवेअर चांगले असेल तर ते अशा ठिकाणी लहान तुकडे वापरते. एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबली तर मात्र गेलेले काही परत येत नाही, आणि दुकानांमध्ये जागा वाचवण्यासाठी हेच केले जाते. शक्य असेल तेथे मूळ सीडीवरून एफएलएसी (फ्लॅक) या प्रकारची फाइल घ्यावी. तिच्यात एकही नमुना वाया जात नाही.

केवळ सॉफ्टवेअर बदलून किती फरक पडतो, याचे जाहीर उदाहरण रॉकबॉक्सचे आहे. २००१ मध्ये आर्कोस कंपनीच्या प्लेयरसाठी काही स्वयंसेवकांनी मूळ सॉफ्टवेअरऐवजी स्वतःचे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले, आणि पुढे ते इतर अनेक कंपन्यांच्या प्लेयरवर चालू लागले. खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारा, बारीक हाताने जुळवता येणारा इक्वलायझर, वेगवेगळ्या गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय आणि दोन फाइलींच्या मध्ये खंड न पडू देणे, हे सारे त्यांनी त्याच जुन्या यंत्रांतून काढून दाखवले. तुकड्यांत कापलेले कीर्तन ज्यांनी अडखळत ऐकले आहे, त्यांना खंड न पडण्याची किंमत कळेल. तरीही रॉकबॉक्स ४७ चा कंडेन्सर २२० चा करू शकत नाही. ते काम शेवटी निर्मात्याचेच राहते.

खोक्यावर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असे सोनेरी अक्षरांत छापले जाते, त्याने ग्राहक दिपतो. १६ बिटांचा आवाका, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर, ९६ डेसिबलचा असतो. ज्या प्लेयरमध्ये कार्ड वाचल्याची खरखर ऐकू येते, त्याला हाच आवाका पुरा करता येत नाही, मग २४ बिटांचा उपयोग काय? त्यापेक्षा आउटपुटचा रोध किती ओहम, ३२ ओहमच्या इअरफोनला किती मिलिवॅट मिळतात आणि फर्मवेअर बदलता येते की नाही, एवढे तीन तपशील छापले तर ग्राहकाचे भले होईल. रोधाविषयी साधा नियम असा की प्लेयरचा रोध इअरफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून जास्त नसावा.

आपल्या पुढील पुरवणीत अशा तुलना देताना निर्मात्यांकडून हे तपशील मागवावेत आणि एखादा प्लेयर प्रत्यक्ष सुरात वाजतो का, हेही तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीला महागडी उपकरणे लागत नाहीत. माध्यमिक शाळांच्या कपाटात ५१२ हर्ट्झचा नादकाटा अनेकदा असतो. विज्ञान शिक्षकांनी मुलांकडून त्यांच्या घरचे प्लेयर आणवून एका तासात ते तपासून दिले, तर कोणत्या घरी गाणे चढे शिकले जात आहे, हे त्याच दिवशी कळेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड