मागच्या सीटवरून दिसलेला दरोडा

लॉस एंजेलिस

तीर्थरूप बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सिनेमाचा विषय नेहमी घाईत आटपतो, म्हणून हे पत्र. इथे जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर दाखवणारं एक थिएटर आहे. तिथे 'गन क्रेझी' पाहिला. 1950 चा, दिग्दर्शक जोसेफ लुईसचा. पळत सुटलेल्या प्रेमी गुन्हेगारांचे सिनेमे आपण बरेच पाहिलेत, पण हा त्या सगळ्यांत उजवा आहे.

बार्टला लहानपणापासून बंदुकीचं वेड. पण पोरवयात त्याच्या हातून कोंबडीचं एक पिल्लू मेलं आणि तेव्हापासून जिवावर गोळी झाडायची म्हटलं की त्याचा हात उठत नाही. जत्रेतल्या खेळात त्याला नेमबाज लॉरी भेटते. दोघं आळीपाळीने एकमेकांच्या डोक्यावरच्या काड्या गोळीने पेटवतात. प्रेम तिथेच जडतं, एक शब्दही न बोलता! लॉरी झालेल्या पेगी कमिन्सचे डोळे त्या वेळी बघाच.

मग हॅम्प्टनच्या बँकेचा दरोडा. बाबा, यात बँक आतून दिसतच नाही. कॅमेरा गाडीत मागच्या सीटच्या जागी, पुढे हे दोघं, आणि तीनेक मिनिटांचा सगळा प्रसंग एकाच शॉटमध्ये. गाडी लावायला जागा मिळेल का, याचीच त्यांना काळजी. बार्ट आत जातो आणि नेमका एक पोलीस चालत येतो. लॉरी खाली उतरून त्याला गप्पांत गुंतवते. आपण मात्र गाडीतच अडकलेले! बार्ट लवकर बाहेर यावा, असं अगदी मनापासून वाटतं. चोरांच्या बाजूचे आपण कधी झालो, ते कळत नाही. हे मॉन्ट्रोझच्या खऱ्या रस्त्यावर चित्रित केलंय. ते गाव इथून जवळच आहे.

पण मला सगळ्यात भिडला तो शेवटच्या मोठ्या चोरीनंतरचा प्रसंग. पकडले जाऊ नये म्हणून काही महिने वेगळं राहायचं ठरतं. दोन गाड्या दोन दिशांना निघतात, आणि लगेच दोन्ही मागे वळतात. पुढचा सगळा नाश त्या वळण्यातून येतो. तरी त्यांनी वळू नये, असं मला वाटलं नाही.

पटकथा मॅकिन्ले कँटर आणि डाल्टन ट्रम्बोची, पण श्रेयनामावलीत तेव्हा ट्रम्बोच्या जागी नाव होतं मिलार्ड कॉफमनचं. कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून ट्रम्बोला कुणी उघडपणे काम देत नव्हतं, आणि 1950 सालीच तो तुरुंगात गेला. एवढ्या ताकदीच्या लेखकाला स्वतःचं नाव लपवावं लागलं, याचा मला फार राग येतो.

शेवट लिहीत नाही. दादाला सांगून सिनेमा मिळवा, आईलाही सोबत बसवा, आणि लॉरी तुम्हाला कशी वाटली ते सविस्तर कळवा. मला ती नुसती वाईट वाटली नाही. ती घाबरली की गोळी झाडते. आईचं मत वेगळं पडेल, तेही लिहा.

आईला नमस्कार, दादाला आठवण.

तुमची,
मीनू