कड्यावरचा तो फोटो

ऑकलंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

दादा म्हणाला, तो कड्यावरचा फोटो पाहिल्यापासून आईला झोप नाही. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा आज नीट लिहिते. ऑफिस तेच, खोली तीच, तब्येत उत्तम.

आई, तो कडा नाही, डोंगराची सोंड आहे. ओमानावानुई म्हणतात तिला, २४१ मीटर उंच. फोटोत पायाखालची वाट दिसत नाही, म्हणून मी दरीत लटकल्यासारखी वाटते. चढावर पायऱ्या बांधलेल्या आहेत. आम्ही चौघी होतो आणि वाऱ्याचा अंदाज बघूनच निघालो होतो. सापाचं म्हणशील तर न्यूझीलंडच्या रानात साप नाहीतच. बिबट्या नाही, रानडुकराशी माझी अजून गाठ पडलेली नाही. परसातल्या लाकडांत तू जेवढा जपून हात घालतेस, तेवढी भीती मला इथे पूर्ण डोंगरात वाटत नाही.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, रविवारची वाट मी कशी ठरवते. पहिलं म्हणजे, वर पोचल्यावर पाणी दिसलं पाहिजे. नुसत्या झाडीतल्या वाटा इथे पुष्कळ आहेत, पण त्यांत माझं मन रमत नाही. दुसरं, बस किंवा बोट जायला हवी. आणि आता हिवाळा आहे, साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, म्हणून तीन वाजले की कुठेही असले तरी मी परत फिरते.

सगळ्यात जास्त वेळा जाते ती माउंगाफाऊवर. विझलेला ज्वालामुखी आहे, १९६ मीटर, अगदी शहराच्या मध्यात. वर ५० मीटर खोल वाटी आहे, हिरव्या गवताची. इथले मूळ रहिवासी माओरी लोक ती पवित्र मानतात, त्यामुळे आत कोणी उतरत नाही. काठावर उभं राहिलं की एका बाजूला वाइटेमाटाची खाडी दिसते आणि दुसऱ्या बाजूला मानुकाऊची. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर बसलं आहे. या काठापासून त्या काठापर्यंत १६ किलोमीटरची पायवाटही आहे, फेब्रुवारीत मी ती पूर्ण चालले. पण आपल्या रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर तिन्ही बाजूंनी समुद्र अंगावर येतो, तसं इथे होत नाही. इथलं पाणी लांब आणि शांत दिसतं. तरी बरं वाटतं.

रांगिटोटोला बोटीने २५ मिनिटं लागतात. सुमारे ६०० वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेलं बेट, सगळा काळा लाव्हा. तिथे दुकान नाही, प्यायचं पाणी नाही, सगळं पाठीवर न्यायचं. शेवटची बोट गाठायला एकदा मला पळावं लागलं, हे आत्याकडून तुम्हाला कळलंच आहे. त्यानंतर मी नेहमी आधीच्या बोटीने येते.

आता ते बूट धुण्याचं. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला ते नीट कळलं नव्हतं. वाइटाकेरेच्या रानात शिरताना वाटेवर एक चौकट लागते. तिथे आधी ब्रशवर तळवे घासून बुटांची सगळी माती काढायची, खाचांतलीसुद्धा. मग एका फळीवर पाय दाबायचा की खालून औषध तळव्याला लागतं. एक पाय, मग दुसरा. आत जाताना करायचं आणि बाहेर येतानाही करायचं. कोणी बघत नसलं तरी माणसं थांबून करतात, लहान मुलंसुद्धा. का, तर कौरी नावाच्या झाडासाठी. ही झाडं हजार वर्षंही जगतात. त्यांच्या मुळांना मातीतून एक रोग लागतो, मुळं कुजतात, मग झाड वरून वाळत जातं आणि मरतं. त्यावर उपाय नाही. टाचणीच्या डोक्याएवढी माती बुटाला चिकटून गेली तरी रोग पसरू शकतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या माओरी जमातीने रान बंद म्हणून जाहीर केलं. पुढच्या वर्षी नगरपालिकेनेही वाटा बंद केल्या, मग मुळांवर पाय पडू नये म्हणून उंच फळ्या टाकून एकेक उघडत गेले. आई, आपल्या देवरहाटीत, देवाच्या राखलेल्या रानात, वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही ना, अगदी तसंच समज. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं, आता बूट न घासता पाऊल पुढे पडत नाही.

त्या फोटोबद्दल एक सांगायचं राहिलं. तो बाबांच्या ऑपरेशनच्या शनिवारचा आहे. तुम्ही सकाळी अकराची वेळ सांगितली होती, म्हणजे इथले साडेपाच. तोपर्यंत खोलीत एकटीने बसवेना, म्हणून मैत्रिणींबरोबर गेले. वरून खाली फाटिपूच्या किनाऱ्याची काळी वाळू दिसत होती, मांडवीच्या काळ्या समुद्रासारखीच, आणि मी हसून फोटो काढला. बाबांना नऊलाच आत घेतलं. दादाचे सात फोन येऊन गेले, तिथे रेंज नव्हती. रागावला असाल तर बरोबर आहे. आई, तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस, त्याचं मला जास्त लागलं.

ऑपरेशनचे राहिलेले साठ हजार सोमवारी पाठवले आहेत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चुकलेला नाही, त्याची काळजी नको. छोटीच्या लग्नाला मी नक्की येणार, पण ऑफिस २४ डिसेंबरला बंद होईल, त्याआधी जास्तीची रजा मागितली आहे, उत्तर यायचंय. मुहूर्त शक्य तितका महिन्याच्या शेवटी धरा ना. हळदीला पोचले नाही तर छोटी आयुष्यभर बोलून दाखवेल. आत्याने आणलेल्या पुण्याच्या स्थळाला माझा नंबर द्या, मी बोलेन. त्याच मांडवात माझंही उरकायचं असं मात्र कोणी मनात आणू नका.

बाबा, व्यायाम चुकवू नका आणि भगवतीच्या पायऱ्यांचं एवढ्यात नाव काढू नका. पैसे जमा झाले की दादाला मेसेज करायला सांगा.

तुमची लेक