शेवटच्या रांगेतला म्हातारा

जॅक्सन हाइट्स, क्वीन्स, न्यू यॉर्क
8 डिसेंबर 2024

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि आई मध्ये पडून माझ्या दहा वाक्यांचं एक करून तुमच्या कानात ओरडते, म्हणून पत्र लिहायला बसले. "सईची परीक्षा झाली, बरी गेली" एवढंच तुमच्यापर्यंत पोचलं असणार. परीक्षा नव्हती ती अप्पा, ऑडिशन होती. आणि गंमत म्हणजे समोर परीक्षक म्हणून कुणीच नव्हतं.

इथे आठवीतल्या पोरांना नववीसाठी नवी शाळा धरावी लागते. अर्जात 12 शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. त्याखेरीज शहराच्या 9 खास सरकारी शाळा आहेत. त्यातल्या 8 शाळांना एकच लेखी परीक्षा, फक्त गणित आणि इंग्रजी. तिच्या मार्कांवर प्रवेश, बाकी काही बघत नाहीत. आपल्या लोकांच्या घरात या परीक्षेचं खूळ किती आहे म्हणून सांगू! सहावीपासून क्लास. मंदारनेही लेकीला बसवलं, दिलीन तिने ती परीक्षा. पण तिचा जीव होता नवव्या शाळेत. तिथे लेखी परीक्षा नाही. करून दाखवायचं आणि सोबत सातवीचे मार्क.

त्या शाळेचं नाव लाग्वार्डिया. आमच्या डोक्यावरून विमानं जातात ना, तो विमानतळही त्याच माणसाच्या नावाचा. फिओरेलो लाग्वार्डिया हा इथला महापौर. त्याने 1936 साली, मंदीच्या दिवसांत, गाणारी-वाजवणारी आणि चित्रं काढणारी मुलं वेचून त्यांच्यासाठी सरकारी शाळा काढली. नाटक-नाचाची वेगळी शाळा 1948 ची. पुढे दोन्ही एक झाल्या आणि 1984 पासून मॅनहॅटनमध्ये लिंकन सेंटरच्या शेजारी एकाच इमारतीत आहेत. ऑपेरा रस्त्यापलीकडे! म्हणजे आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिराला लागून हायस्कूल असावं, तसं समजा. आत सहा विभाग: नाटक, नृत्य, गायन, वाद्य, चित्रकला आणि रंगमंचाची तांत्रिक बाजू. शेवटचा वाचून मला तुमचे प्रकाशयोजनेवाले काका आठवले, डिमरला चटके खाऊन शिकलेले.

फी किती, हे तुम्ही दोनदा विचारलंत. शून्य. म्युनिसिपालटीची शाळाच ती. जायच्या-यायच्या गाडीचं कार्डही शहर फुकट देतं. सेव्हन नंबरची गाडी टाइम्स स्क्वेअरपर्यंत, तिथून वन नंबरची, सहासष्टाव्या स्ट्रीटला उतरलं की आलीच शाळा.

सिनेमातला अल पचिनो याच नाटकाच्या शाळेत होता, ती शेचाळिसाव्या स्ट्रीटवर असताना. पण तो मध्येच सोडून गेला. हे कळल्यावर मंदार म्हणाला, "म्हणजे शाळा सोडली तर पचिनो होतो, धरून ठेवली तर काय होतो?" सईने लगेच टिमोथी शालमे या नव्या नटाचं नाव तोंडावर फेकलं. तो 2013 साली तिथूनच पास झाला. मला हे शालमे प्रकरण ठाऊक नव्हतं. आता घरात भिंतीवर आहे.

नाटकाच्या विभागाला एकेक मिनिटाची दोन स्वगतं द्यायची, एकमेकांहून वेगळ्या जातीची. छापील नाटकांतली, तोंडपाठ. पूर्वी मुलं रांगा लावून शाळेत जायची आणि शिक्षकांसमोर करायची. कोविडमध्ये ते बंद झालं आणि व्हिडिओ पाठवायची पद्धत आली, ती राहिली. घरी रेकॉर्ड करायचं आणि शहराच्या संकेतस्थळावर चढवायचं. इथे क्वीन्समध्येच अस्टोरियाला फ्रँक सिनात्राच्या नावाची एक सरकारी कलाशाळा आहे. टोनी बेनेट या गायकाने 2001 साली आपल्या मित्राच्या नावाने उभी केलेली. तीही सईने अर्जात घातली. घरापासून जवळ, म्हणून माझी खरी पसंती तिला आहे, पण हे मी मोठ्याने बोलत नाही.

आता तुमच्याबद्दल.

ऑगस्टपासून दर शनिवारी रात्री सई तुमच्यासमोर व्हिडिओवर उभी राहायची, तुमची रविवारची सकाळ. तुम्ही खुर्चीत, हातात चहा, आणि तुमचं एकच पालुपद: "शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे!" पोरगी बेंबीच्या देठापासून बोलायला लागली. खालच्या मजल्यावरच्या कोलंबियन आजी एकदा वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. मी म्हटलं, आजोबा शिकवताहेत. त्या म्हणाल्या, बरं बरं, आणि दोन केळी देऊन गेल्या.

मग ऑक्टोबरात सईने तेच तिच्या शाळेतल्या नाटकाच्या बाईंना करून दाखवलं. बाईंनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "तू हे कुणाशी बोलतेयस?" सई म्हणाली, बहिणीशी. "ती कुठे आहे, नदीच्या पलीकडे?" सई रडत घरी आली. तुम्हाला हे तेव्हा कळवलं नाही. सईनेच बजावलं होतं, "आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." तुम्हाला वाईट वाटेल की राग येईल, यावर माझं आणि तिचं एकमत झालं नाही.

अप्पा, खरी गोष्ट अशी की तिने तो आवाज नाट्यगृहासाठी लावलाच नव्हता. तिच्यासाठी शेवटच्या रांगेतला म्हातारा म्हणजे तुम्हीच. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ती तीन महिने ओरडत होती आणि तो आवाज त्या स्वगतालाच चिकटून बसला. फोनच्या कॅमेऱ्यासमोर शेवटची रांग हातभर लांब असते.

आवाज खाली आणायला दोन आठवडे लागले. स्वयंपाकघरात मी कणीक मळायची आणि ती ओट्याला टेकून माझ्याशीच बोलल्यासारखं स्वगत म्हणायची. मी "हं" म्हणायचं नाही, वर बघायचं नाही, अशी अट. जमायला लागलं. पण आवाज उतरला तसा जीवही उतरला. सपाट झालं सगळं, बातम्या वाचतात तसं.

तेव्हा तुमची दुसरी शिकवण कामाला आली. नाट्यछटा बसवताना तुम्ही तिला सांगितलं होतं ना, समोरचं माणूस दिसत नाही म्हणून ते गप्प आहे असं समजू नकोस, ते बोलतंय, त्याचं ऐक आणि मग उत्तर दे. तुम्ही तिच्याकडून ते समोरच्याचे संवाद वहीत लिहूनही घेतले होते. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला. (गणित बाकी होतं तिचं.) तिने ती वही काढली आणि दोन्ही स्वगतांतल्या न दिसणाऱ्या माणसांची वाक्यं पुन्हा म्हणून बघितली, मनात. मग बोलायला लागली. आवाज तेवढाच, ओट्यापाशी पुरेल इतका, पण मधल्या जागा भरल्या. बहीण काहीतरी लागट बोललीय हे सईच्या हनुवटीवर दिसायचं, आणि मग तिचं वाक्य यायचं. माझा हात परातीत तसाच राहिला.

यात लांबी वाढली. एक मिनिटाचं स्वगत एक मिनिट बावीस सेकंदांवर गेलं. मी म्हटलं, थांबे कमी कर. ती म्हणाली, नाही, वाक्यं कमी करते. आणि केली. मला आवडणारं एक वाक्य होतं, तेच पहिलं उडवलं.

रेकॉर्डिंग केलं 5 नोव्हेंबरला. तारीख तुम्हाला सांगायला नको! इथे मतदानाचा मंगळवार होता, पोरांना शाळेत जायचं नव्हतं. दिवाळीची सुट्टीही नुकतीच होऊन गेली होती. हो, शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी यंदा पहिल्यांदाच लागली. तिकडे सांगलीत तुम्ही रंगभूमी दिनाला भावे पदकाच्या समारंभात पहिल्या रांगेत, ऐकण्याच्या यंत्रासकट, आणि इकडे आम्ही भिंतीवर पांढरी चादर ताणून बसलेलो. फोन ठेवला पिठाच्या डब्यावर, त्याला मागून पोळपाटाचा टेकू. सईच्या डोळ्यांच्या उंचीला यायला खाली दोन जाडजूड शब्दकोश. वाटलं झालं, तर रेडिएटर सुरू झाला. इथे ऑक्टोबरपासून इमारतीला वाफेची ऊब देतात, आणि आमचा रेडिएटर ती देताना आधी सुस्कारा टाकतो, मग कुणी आतून पान्याने ठोकल्यासारखा वाजतो. तो बंद केला. मग सेव्हन गाडी. ती रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरून लोखंडी पुलावरनं जाते, घरापासून एक चौक. दर काही मिनिटांनी धडधडाट. मंदारला खिडकीत उभं केलं. तो हात वर करून थांबवायचा आणि गाडी गेली की खाली करायचा. ज्याला लेखी परीक्षाच मान्य होती तो माणूस तीन तास खिडकीत हात वर करून उभा होता. संध्याकाळी मलम लावून दिलं.

आणि मी कुठे होते? टेबलाखाली. सई म्हणाली, तू समोर दिसलीस की मी तुझ्याकडे बघते. म्हणून मी फोनच्या खाली, मांडी घालून, कागद हातात. ती कुठे अडखळली तर पुढचा शब्द द्यायला.

अप्पा, मी बारा वर्षांची असताना राज्य नाट्य स्पर्धेला तुम्ही मला विंगेत स्टुलावर बसवलं होतंत, वही आणि टॉर्च देऊन. तीन अंक मी ओठ हलवत होते. सगळ्यांची वाक्यं पाठ होती मला, तुमची तर तुमच्यापेक्षा जास्त. दुसऱ्या अंकात तुम्ही अडलात तेव्हा मी शब्द दिला आणि तुम्ही माझ्याकडे न बघता तो उचललात. घरी आल्यावर म्हणालात, "पोरगी प्रॉम्प्टर चांगली आहे." पुढच्या वर्षी पुन्हा तीच वही. मुलीची भूमिका होती त्या नाटकात. तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही म्हटलं नाही. हे भांडण म्हणून लिहीत नाहीये, टेबलाखाली आठवलं एवढंच.

सईला एकदाही शब्द द्यावा लागला नाही.

एकूण चोवीस वेळा घेतलं. पाठवला एकोणिसावा आणि तेविसावा. तेविसाव्यात शेवटच्या क्षणी लांबवर गाडीचा आवाज आहे. मी म्हटलं पुन्हा घेऊ, ती म्हणाली असू दे, ती बहीण गावातच राहते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपली, अर्ज गेला. निकाल मार्चमध्ये. जागा आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं प्रयत्न करतात, तेव्हा नाही झालं तर नाही. मंदार शांत आहे, सई वरवर शांत आहे आणि मी रोज त्या संकेतस्थळावर जाऊन काही बदललंय का बघते. मार्चशिवाय काही बदलणार नाही हे माहीत असून.

तर दोन कामं. मार्चपर्यंत तिला "काय झालं गं?" विचारू नका, आणि आईलाही विचारू देऊ नका. तिने शेजारी पेढे बोलून ठेवले असतील तर ते आत्ताच थांबवा. दुसरं, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी ती प्रॉम्प्टिंगची वही असेल, निळ्या पुठ्ठ्याची, वाळवी लागली नसेल तर. जानेवारीत मंदारचा भाऊ येतोय, त्याच्याकडे द्या. भडंग नको, मागच्या वेळचं अजून आहे.

आईला नमस्कार. सई शनिवारी उभी राहील नेहमीसारखी. आता स्वगत नाही, नुसत्या गप्पा, पण तुमच्यासाठी मोठ्याने बोलेल. आणि इकडची घड्याळं मागे गेली आहेत, साडेनऊ नाही, साडेदहा तासांचा फरक धरा. मागच्या वेळी तुम्ही तासभर आधीच चहा घेऊन बसला होतात.

तुमची,
वैशू